लॉ सीईटी मराठी माध्यमातून: इंग्रजी किती लागतं आणि कागद कोणते

कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं आणि सातारा-सांगलीच्या पक्षकारांचे मुंबईचे हेलपाटे वाचले. वकिलीकडे वळू पाहणाऱ्या इथल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न मात्र अजून तोच आहे: शिक्षण मराठीतून झालंय, लॉ सीईटी झेपेल का? झेपेल. पेपर इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत असतो. भीती इंग्रजीची असते आणि जागा हातची जाते ती कागदांपायी. म्हणून इथे कागदांबद्दल जरा सविस्तर लिहितो.

कोणती परीक्षा, कोणाला

परीक्षा घेतो राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, सगळे ज्याला सीईटी सेल म्हणतात तो. बारावीनंतर पाच वर्षांचा एलएलबी आणि पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी, या दोन्हींच्या सीईटी वेगळ्या आणि अर्जही वेगळे. घाईत भलताच अर्ज उघडून भरणारे दरवर्षी भेटतात.

पाच वर्षांसाठी बारावीत आणि तीन वर्षांसाठी पदवीला खुल्या गटाला किमान ४५ टक्के, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त गटांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. ४४.९९ म्हणजे ४५ नव्हे, इथे पुढचा आकडा धरत नाहीत. शाखा कोणतीही चालते. वयाची वरची अट नाही. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही परीक्षा देता येते, फक्त प्रवेशाच्या वेळी निकाल हातात हवा.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीधरांनी एक गोष्ट नीट पाहावी. दहावी, बारावी रीतसर होऊन मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर अडचण नाही. बारावी न करता पूर्वतयारी अभ्यासक्रमातून थेट पदवीला बसलेल्यांना मात्र वकिली शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे एलएलबीला प्रवेश मिळत नाही. माण-खटाव, जतकडे नोकरी सांभाळून अशा पदव्या घेतलेले बरेच जण असतात. त्यांनी अर्जाची फी भरण्याआधीच हे तपासावं.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट हे प्रकरण वेगळं. ती फक्त इंग्रजीतून होते, लांबलचक उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. साताऱ्यात किंवा सांगलीतच शिकायचं असेल तर तिच्या मागे लागायची गरज नाही.

भाषेचा हिशेब

२०२४ पासून सीईटीला १५० ऐवजी १२० प्रश्न आणि दोन तासांचा वेळ आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. तीन वर्षांच्या परीक्षेत इंग्रजीवर ४० प्रश्न, पाच वर्षांच्या परीक्षेत २४. हा विभाग अर्थातच इंग्रजीत. बाकी कायदेविषयक कल, सामान्य ज्ञान, तर्कबुद्धी हे सगळं मराठीत वाचता येतं. वर्षभर नुसतं इंग्रजी व्याकरण घोटणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवावेत. अर्थात त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत विभागवार गुण एकदा पाहून घ्यायचे.

इंग्रजीत आपल्याकडची मुलं ठरावीक ठिकाणीच अडकतात. मराठीत एखाद्या विषयावर चर्चा होते, म्हणून 'डिस्कस अबाउट' बरोबर वाटतं, पण ते चूक. 'वन ऑफ द'नंतर नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी येतं, तिथेही हमखास घसरतात. मराठीत 'अ', 'द' अशी उपपदं नसल्याने तीही निसटतात. अशा जागांची वही करून सराव केला तर जाड व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा लवकर फरक पडतो.

मराठी वाचणाऱ्यालाही सापळे आहेतच. तत्त्व दिलेलं असतं: अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. प्रसंग असा: सतरा वर्षांचा मुलगा वय लपवून जुना ट्रॅक्टर हप्त्याने घेण्याचा करार करतो आणि हप्ते थकवतो. 'अज्ञान' म्हणजे अडाणी असं समजलात की उत्तर चुकलंच. कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचा. करार रद्दबातल, मुलगा खोटं बोलला असला तरीही. हे १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यापासून ठरलेलं आहे. अशा शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश ऑनलाइन फुकट पाहता येतो. सराव करताना प्रश्न दोन्ही भाषांत वाचायची सवय ठेवा, मराठी वाक्य बोजड झालं की इंग्रजी वाक्य कामाला येतं.

जुनी गाईड घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं कलम ३०२ आता १०३ झालं आणि फसवणुकीचं ४२० आता ३१८.

अर्ज

अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत सीईटी सेलच्या संकेतस्थळावर सुरू होतात. मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, नेट कॅफेवाल्याचा नको, पुढचे सगळे ओटीपी त्यावरच येतात. नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, अगदी वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगसकट. आधारवर वेगळं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. फोटो, सही, परीक्षेच्या शहराचे पसंतीक्रम, शेवटी फी. फी भरल्याशिवाय अर्ज पुरा होत नाही आणि भरलेली फी परत मिळत नाही.

कागद

दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, मध्ये खंड पडला असेल तर प्रतिज्ञापत्र. अधिवास प्रमाणपत्र महा ई-सेवा केंद्रातून अर्ज केला की तहसीलमधून मिळतं. सीमेवरच्या गावांतून अथणी-विजापूरला बारावी केलेल्यांनी हे सगळ्यांत आधी काढावं.

आरक्षणातून प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करताना जुन्या नोंदी द्याव्या लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या. आजोबांच्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा, गावचा जन्म-मृत्यूचा नमुना चौदा, यांतलं काहीतरी शोधावं लागतं. कधी शाळेचं रजिस्टर जीर्ण झालेलं असतं, कधी नोंद मोडी लिपीत निघते आणि ती वाचणारा शोधावा लागतो. या सगळ्याला महिने जातात. तेव्हा पडताळणीचा अर्ज सीईटीच्या अर्जाबरोबरच टाका, निकालाची वाट पाहू नका. समितीच्या पोचपावतीवर मुदत मिळते तेव्हा मिळते, ती धरून चालायचं नाही.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, हे अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर मागास गटांना लागतं. ते प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ मार्चनंतरही चालू असलेलं हवं. भावाच्या वेळचं दाखवून चालत नाही. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही त्या-त्या वर्षाचाच लागतो.

निकालानंतर

सीईटीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, नोंदणी वेगळी करावी लागते, तिची फीही वेगळी. चांगले गुण मिळवून घरी फोनची वाट पाहत बसलेली मुलं इथेच मागे पडतात. कागद अपलोड करायचे, तपासणीत त्रुटी निघाली तर मुदतीत दुरुस्त करायची आणि मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं इस्माईलसाहेब मुल्ला, सांगलीत एन. एस. सोटी, कोल्हापूरला शहाजी ही नावं इथल्या यादीत असतातच. खरोखर जिथे जायचंय ते वर लिहा.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय पाहून ठेवा. आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅपमधूनच झालेला हवा, आणि खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. त्यासाठी महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करायचा, बँक खातं आधारला जोडलेलं ठेवायचं, आणि कॉलेजच्या कार्यालयाने पूर्ण फी मागितली तर शासन निर्णयाची प्रत पुढे करायची.