लॉर्ड मॅन्सफिल्ड: सॉमरसेट सुटला, गुलामगिरी राहिली

लॉर्ड मॅन्सफिल्डचं नाव निघालं की लोक सांगतात, ह्यांनीच इंग्लंडमधली गुलामगिरी बंद केली. एवढं सरळ नव्हतं ते.

मूळ नाव विल्यम मरे, जन्म १७०५ चा, स्कॉटलंडमधला. १७४२ मध्ये खासदार आणि सॉलिसिटर जनरल (सरकारचे वकील) झाले, आणि १७५६ ते १७८८ अशी ३२ वर्षं किंग्ज बेंच ह्या इंग्लंडमधल्या वरच्या कोर्टाचे मुख्य न्यायाधीश. त्याआधी १७४४ मध्ये कलकत्त्याच्या ओमिचंड व्यापाऱ्याच्या केसमध्ये त्यांनी वकील म्हणून बाजू लावून धरली की हिंदू साक्षीदाराने आपल्या रीतीने घेतलेली शपथसुद्धा कोर्टाने मानावी, आणि कोर्टाने ती मानली. मला ही केस फार मोठी वाटते.

आता सॉमरसेट, म्हणजे जेम्स सॉमरसेट नावाचा गुलाम. मालकाने त्याला बॉस्टनहून इंग्लंडला आणलं, तो पळाला, पकडला गेला, आणि जमैकाला नेऊन विकायचा म्हणून जहाजात साखळदंडात ठेवला. हेबियस कॉर्पस, म्हणजे कोंडून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा असा अर्ज, दाखल झाला. मॅन्सफिल्ड महिनोन्‌महिने तारखा देत राहिले, आपसात मिटवा म्हणाले, कारण देशात असे चौदा-पंधरा हजार गुलाम असल्याचा अंदाज होता. शेवटी २२ जून १७७२ ला निकाल दिला की कायद्याचा आधार असल्याशिवाय कुणाला जबरदस्तीने देशाबाहेर नेता येणार नाही, त्याला सोडा. निकाल एवढाच, पण लोकांनी त्याचा अर्थ गुलामगिरीच बंद झाली असा मोठा केला आणि बरं केलं.

वसाहतींमध्ये मात्र सगळं तसंच चालू. १७८१ मध्ये झाँग ह्या गुलाम नेणाऱ्या जहाजावरून १३० हून जास्त गुलाम माणसं समुद्रात फेकली, पाणी पुरणार नाही म्हणून, आणि जहाजाच्या मालकांनी बुडालेला माल म्हणून त्यांचा विमा मागितला! ज्यूरीने तो मंजूरही केला. १७८३ मध्ये मॅन्सफिल्डनी खटला पुन्हा चालवायला सांगितलं, कारण पाऊस पडून गेल्यावरही माणसं फेकली होती असं पुढे आलं. पण खून म्हणून कुणावर केस झालीच नाही, सगळं विम्याच्या हिशोबात राहिलं, हे वाचताना अजून पोटात तुटतं.

वसाहतींमधली गुलामगिरी बंद करणारा कायदा यायला १८३३ उजाडलं, त्यातूनही ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला, आपल्याकडे कायदा आला १८४३ ला.

मॅन्सफिल्डच्या लंडनजवळच्या केनवुडच्या घरात भाच्याची मुलगी डायडो वाढत होती, तिची आई गुलाम होती. घरात तिच्यावर सगळ्यांचा जीव. तरीही मृत्युपत्रात त्यांनी तिला वर्षाला १०० पौंड ठेवले आणि ती स्वतंत्र आहे हे वेगळं लिहून ठेवलं.