वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात

कारखान्यात नळ्यांमधली उष्णता घेऊन तापलेलं पाणी कूलिंग टॉवरमध्ये हवेतून झिरपवून थंड करतात आणि पुन्हा वापरतात. या टॉवरवर तरंगणारा पांढरा लोट पाहून बऱ्याच जणांना तो धूर वाटतो. प्रत्यक्षात ते पाण्याचेच सूक्ष्म थेंब असतात. टॉवरमधून वर गेलेली वाफ बाहेरच्या हवेत निवली की ते तयार होतात. वाफ होताना पाणी शुद्ध होऊन जातं, आणि टॉवरखालच्या हौदातल्या सगळ्या कटकटी इथूनच सुरू होतात.

१ किलो पाण्याचं तापमान १ अंशाने उतरवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. तेच १ किलो पाणी वाफ होऊन उडालं, तर सुमारे २४०० किलोज्यूल घेऊन जातं. म्हणजे शंभरातला एक भाग उडाला, की उरलेलं पाणी जवळजवळ ६ अंशांनी थंड होतं. सौदा फारच स्वस्तातला! फक्त त्या उडालेल्या भागातलं कॅल्शियम, क्लोराइड, सिलिका असं सगळं हौदातच राहतं. तूट भरून काढायला नवं पाणी घ्यावं, तर तेही आपल्याबरोबर आणखी क्षार आणतं. पाणी फेरीगणिक दाट होत जातं.

म्हणून थोडं दाट पाणी सतत सोडून द्यावं लागतं. याला ब्लोडाउन म्हणतात. हौदातलं पाणी नव्या पाण्याच्या किती पट दाट होऊ द्यायचं, हा कळीचा आकडा. १०० लिटर वाफ होत असेल, तर दुप्पट दाटपणाला २०० लिटर नवं पाणी लागतं, चौपटीला १३३, पाचपटीला १२५ आणि दहापटीला १११. पाणीबचतीची खरी कमाई पहिल्या काही पटींतच होते. पाचावरून दहावर जाण्याचा आग्रह मला तरी नेहमी परवडणारा वाटत नाही, कारण वाचतं १४ लिटर पाणी आणि क्षार मात्र दुप्पट होतात.

क्षारांत सर्वांत खोडकर कॅल्शियम कार्बोनेट. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं उलटं. पाणी तापलं की विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि पांढरा, टणक थर धरतो. तोही नेमका सर्वांत गरम जागी, म्हणजे जिथून उष्णता काढून घ्यायची त्या नळ्यांच्या भिंतीवर. तांब्याच्या तुलनेत हा थर उष्णता वाहून नेण्यात शंभरहून अधिक पटींनी कमी पडतो.

मग आम्ल टाकून पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) खाली आणावा? थर धरत नाही खरा, पण पाणी लोखंड खायला लागतं. टॉवरमध्ये ते सतत हवेतून झिरपत पडतं, त्यामुळे त्यात ऑक्सिजनची कमतरता कधीच नसते. १९३६ साली लँगेलियर या अमेरिकी अभियंत्याने पाण्याचा कल सांगणारा निर्देशांक मांडला: धन आला तर कार्बोनेट साचण्याकडे, ऋण आला तर विरघळण्याकडे. उपयोगी आकडा आहे, पण तो फक्त कॅल्शियम कार्बोनेटबद्दल बोलतो. गंजाचा अंदाज एवढ्यावरून बांधणारे फसतात.

गंजावर एके काळी क्रोमेट हे रामबाण औषध होतं. पण क्रोमेटमधलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक ठरलं, आणि अमेरिकेने १९९० मध्ये इमारतींच्या वातानुकूलनाच्या टॉवरमध्ये ते वापरायला बंदी घातली. त्याच्या जागी फॉस्फेट, जस्त, फॉस्फोनेट आले. फॉस्फेट शेवाळाचं आवडतं खत! शिवाय मात्रा चुकली तर कॅल्शियमशी संगनमत करून ते स्वतःच थर धरतं.

आणि जीवसृष्टीला टॉवरइतकी सोयीची जागा क्वचितच मिळते. पाणी कोमट, ऊन हजर, आणि आत ओढलेल्या हवेबरोबर धूळ व जंतू येत राहतात. बुळबुळीत थर साचतो. तो मुख्यतः पाणीच असल्यामुळे उष्णता अडवण्यात कार्बोनेटच्या थरावरही ताण करतो. त्याखाली ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू धातू एका ठिपक्यात पोखरतात. गंज मोजायला टांगलेली धातूची पट्टी छान दिसत असते आणि नळीला मात्र भोक पडलेलं असतं.

जंतू मारायला क्लोरीन टाकावा, तर त्यालाही योग्य सामू लागतो. सामू ७.५ असताना त्याचा निम्मा भाग जंतू मारणाऱ्या जोमदार रूपात असतो. ८.५ ला जेमतेम दहावा. गंज टाळायला सामू चढवला की क्लोरीन लंगडा पडतो. अशा वेळी ब्रोमीन जास्त टिकाव धरतो.

१९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनाला आलेल्या अनेकांना गूढ न्यूमोनिया झाला आणि कित्येक दगावले. कारण असलेला जिवाणू पुढच्या वर्षी सापडला, त्याचं नाव लीजिओनेला. कोमट पाण्यातल्या बुळबुळीत थरात तो वाढतो, अमीबाच्या पोटातही तग धरतो. वाफेतून तो येत नाही. पंख्याच्या झोताबरोबर टॉवरबाहेर उडणारे बारीक तुषार म्हणजे हौदातलंच पाणी, जंतूंसकट, आणि ते श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकतं. हे तुषार अडवायला टॉवरच्या तोंडाशी नागमोडी पट्ट्या बसवतात. काही आठवडे बंद राहिलेल्या टॉवरमध्ये पाणी साचून असतं, औषध संपलेलं असतं. म्हणून पंखा सुरू करण्याआधी हौद घासून, पाणी निर्जंतुक करून घेतात.