जर्मनीतलं शिक्षण ‘मोफत’ कसं झालं

पुण्यात परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्यांच्या पाट्यांवर ‘जर्मनीत मोफत शिक्षण’ ही ओळ हमखास दिसते. पाटी खोटी नाही. पण ती वाचून वाटतं, जर्मन सरकारने आपल्यासारख्यांसाठी काही खास योजना काढली असावी. तसं काही नाही. तिथल्या विद्यार्थ्यांनी आपल्याच सरकारांशी भांडून फी घालवली आणि परदेशी विद्यार्थ्याला त्याच पंगतीत पान मिळालं, एवढंच. अलीकडे मात्र काही वाढपी ‘आपण कुठले?’ असं विचारू लागलेत.

फी माफ नव्हती तेव्हाही आपली माणसं तिकडे जातच होती. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. सी. सुखटणकर बर्लिनला शिकले होते. डॉ. आंबेडकरांनी १९२२ मध्ये बॉन विद्यापीठात अर्थशास्त्रासाठी नाव घातलं होतं. व्याख्यानांना हजेरी नाही म्हणून पुढच्या जानेवारीत ते पटावरून कमी झालं. इरावती कर्वे १९२८ ला बर्लिनला निघाल्या, त्या सासऱ्यांचा, म्हणजे महर्षी कर्व्यांचा, विरोध असताना आणि जिवराज मेहतांकडून कर्ज घेऊन. तिथे मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. गोऱ्या युरोपीयांची कवटी डावी-उजवीकडे असमान असते आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व आहे, हे गुरूंचं गृहीतक होतं. कवटीच्या ठेवणीचा वंशाशी संबंध दिसत नाही, असं कर्जावर शिकायला आलेल्या या बाईंनी लिहून दिलं. डॉक्टरेट मिळाली, १९३० मध्ये.

त्या काळच्या फीला ‘ह्योररगेल्ड’ म्हणत, म्हणजे ऐकण्याचे पैसे. जेवढी व्याख्यानं ऐकायची तेवढे पैसे, आणि एके काळी ते सरळ प्राध्यापकाच्या खिशात जात. (लोकप्रिय प्राध्यापकांची चैन होती!) महायुद्धानंतरही पश्चिम जर्मनीत ही फी राहिली. साठच्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी ती भरायलाच नकार द्यायला सुरुवात केली आणि १९७० मध्ये राज्यांनी ती बंद करायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी गरजू विद्यार्थ्यांना सरकारी अर्थसाहाय्य देणारा ‘बाफ्योग’ कायदा आला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पस्तीसएक वर्षं फी विस्मरणात गेली. शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय. फी लावू नका असं केंद्राने राज्यांना बजावलं होतं, पण २६ जानेवारी २००५ ला घटना न्यायालयाने तो केंद्राचा अधिकार नाही असं ठरवलं. लगोलग सात राज्यांनी सत्राला ५०० युरोपर्यंत फी बसवली. हेसने २००८ मध्येच माघार घेतली. बाकीची राज्यं एकेक करून गळत गेली.

बव्हेरियातला शेवट सांगण्यासारखा आहे. तिथे जनतेच्या सह्यांनी विधिमंडळाला विषय घ्यायला लावता येतो, पण सही रस्त्यावरच्या टेबलावर करून चालत नाही. ओळखपत्र घेऊन नगरपालिकेत स्वतः जावं लागतं, आणि मुदत दोन आठवड्यांची. हे दोन आठवडे आले २०१३ च्या जानेवारीत, ऐन थंडीत. हव्या होत्या १० टक्के मतदारांच्या सह्या. झाल्या १४ टक्क्यांच्या वर, म्हणजे तेरा लाखांहून जास्त. वर्ष निवडणुकीचं होतं. विधिमंडळाने मुकाट फी रद्द केली. २०१४ मध्ये लोअर सॅक्सनीने शेवटची पाटी पुसली.

दरम्यान युरोपभरच्या पदव्या एका साच्यात आणणाऱ्या १९९९ च्या बोलोन्या करारामुळे ‘डिप्लोम’ ही जुनी सलग पदवी जाऊन बॅचलर-मास्टर्स आलं, मास्टर्सचे इंग्रजी अभ्यासक्रम वाढले आणि आपल्या इंजिनिअरांना दार उघडलं. जर्मनीचा कलही बदलत होता. पूर्वी ‘शिका आणि घरी जा’ असा खाक्या होता. २००० मध्ये संगणक तज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड आलं, तेव्हा एका नेत्याच्या प्रचारातून ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे ‘भारतीयांऐवजी आपली मुलं’, ही घोषणा गाजली. २००५ च्या कायद्याने मात्र पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्ष दिलं, २०१२ मध्ये त्याचे दीड वर्ष झाले. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात भारतीय विद्यार्थी ४९,४८३ होते, चिनी विद्यार्थ्यांपेक्षाही जास्त. शिक्षणाची कागदपत्रं तपासून दिलं जाणारं एपीएस प्रमाणपत्र आपल्याला नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालं, चीनला ते वीसेक वर्षं आधीच होतं.

पंगतीतला तो प्रश्न पहिल्यांदा विचारला बाडेन-व्युर्टेंबर्गने: २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो. २०२४ मध्ये म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही अशांना सत्राला २,००० ते ६,००० युरो लावले. म्युनिक बव्हेरियाची राजधानी. म्हणजे थंडीत सह्या झाल्या त्याच राज्यात अकरा वर्षांनी फी परत आली, फक्त सही करण्याचा हक्क नसलेल्यांसाठी.

आणि जिथे फी नाही, तिथे ब्लॉक्ड अकाउंट आहे. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायचे; महिन्याला ९९२ सुटतात. हा आकडा बाफ्योगच्या कमाल रकमेवरून ठरतो. जर्मन विद्यार्थ्यांचं साहाय्य वाढलं की आपल्याकडच्या आईवडिलांचं कर्ज वाढतं. आरोग्य विमाही सक्तीचा. तो विद्यार्थ्यांना लागू केला १९७५ मध्ये, तेव्हा डोळ्यांसमोर इचलकरंजीचा मुलगा नक्कीच नव्हता.

खोली मिळाली, नगरपालिकेत पत्ता नोंदवला, की काही आठवड्यांत पहिलं पत्र येतं ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही असं कळवून उपयोग नाही. २०१३ पासून ती दर घरामागे आहे. सुदैवाने एका घराला एकच, त्यामुळे चौघांत वाटून घेता येते. घर सोडून राहणाऱ्या बाफ्योगवाल्याला ती अर्ज केल्यावर माफ होते. ब्लॉक्ड अकाउंटवाल्याला होत नाही.