अर्जाखालचं आडनाव

सोलापुरात पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं, तेव्हा नगरसेवकाकडे अर्ज जाणारच. नळाला दाब नाही, ड्रेनेज तुंबलंय, रहिवासी दाखला हवाय. अर्जाखाली आडनाव असतं: बिराजदार, चिप्पा, शेख, गायकवाड. ते वाचलं की घरची भाषा आणि जात-धर्म यांचा अंदाज लगेच येतो. उत्तर आलं नाही, तर आडनाव नडलं की काम राहून गेलं? एका अर्जावरून हे कळणं शक्य नाही.

हजारो अर्जांवरून मात्र कळतं. २००८ साली डॅनिएल बटलर आणि डेव्हिड ब्रूकमन या राज्यशास्त्राच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ४४ राज्यांतल्या ४,८५९ आमदारांना ईमेल पाठवले. मतदार नोंदणी कशी करायची, एवढंच विचारलं होतं. काहींना पत्र जेक म्युलर या बनावट नावाने गेलं, काहींना डिशॉन जॅक्सन या तशाच बनावट नावाने. पहिलं नाव ऐकून तिथे गोरा माणूस डोळ्यांपुढे येतो, दुसरं ऐकून काळा. कोणाला कोणतं नाव जाणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. सगळं कसब यातच आहे. आळशी, कामसू, गडबडीतले असे सगळ्या तऱ्हेचे आमदार दोन्ही गटांत सारखेच वाटले गेले, म्हणून उत्तरांत पडलेला फरक नावाच्याच खात्यावर जातो.

दर शंभर ईमेलांमागे डिशॉनला जेकपेक्षा सुमारे ५ उत्तरं कमी आली. दोन्ही पक्षांचे गोरे आमदार यात सारखेच निघाले, तर अल्पसंख्याक आमदारांनी डिशॉनला झुकतं माप दिलं. मला यातलं सर्वात बोचतं ते हे की मागणी मतदार होण्याची होती, म्हणजे लोकशाहीत पहिलं पाऊल टाकण्याची.

खोटी पत्रं पाठवून लोकप्रतिनिधींचा वेळ घ्यावा का, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून अशा पत्रातली मागणी छोटी ठेवणं बरं.

भारतात निखर गायकवाड आणि गॅरेथ नेलिस यांनी असाच प्रयोग शहरांतल्या नगरसेवकांवर केला. शहरात नवा आलेला माणूस आणि जुना रहिवासी यांच्या विनंत्यांत, नव्या माणसाला प्रतिसाद कमी मिळाला. परक्यांबद्दलच्या आकसाने हा फरक उलगडत नव्हता. नवा माणूस इथे मत देणार नाही, हा हिशेब त्यामागे दिसला. इथल्याच मतदार यादीत नाव आहे असं कळवल्यावर प्रतिसाद वाढला.

सोलापूर जिल्ह्यातून पुण्याला कामाला गेलेल्या कितीतरी जणांचं नाव अजून गावच्याच यादीत आहे. यादीतला पत्ता बदलायला नमुना ८ हा अर्ज भरावा लागतो.