न कुरकुरता कोसळणारं काँक्रीट

31 ऑगस्ट 2023, गुरुवार. इंग्लंडमधली उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती आणि पुढच्या आठवड्यात बहुतेक शाळा भरणार होत्या. त्या दिवशी शिक्षण खात्याचा निरोप आला: 104 शाळा-महाविद्यालयांनी इमारतीचे काही भाग ताबडतोब बंद करावेत, पुरेसे टेकू लावल्याशिवाय तिथे कुणालाही बसवू नये. आणखी 52 ठिकाणी अशी बंदी त्याच वर्षी आधी लागू झाली होती. कुठे दोन-चार वर्ग गेले, कुठे जेवणाचं दालन गेलं, काही शाळांना तर पूर्ण कुलूप लावावं लागलं.

कारण सगळीकडे एकच होतं. छतात बसवलेलं एका विशिष्ट प्रकारचं काँक्रीट. त्याचं लांबलचक नाव 'रिइन्फोर्स्ड ऑटोक्लेव्ड एरेटेड काँक्रीट', पण आद्याक्षरं जोडून तिथे सगळे त्याला 'रॅक' म्हणतात. दिसायला साधं राखाडी काँक्रीट. आत मात्र साधारण ऐंशी टक्के हवा.

ही हवा आत जाते कशी, ते पाहण्यासारखं आहे. नेहमीच्या काँक्रीटमध्ये सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी असतं. इथे खडी नसतेच. बारीक दळलेली वाळू किंवा औष्णिक वीज केंद्रातली राख, सिमेंट, चुना आणि पाणी यांचा रबरबीत गिलावा करतात आणि त्यात चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड टाकतात. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी झालेलं असतं. त्यात ॲल्युमिनियम पडलं की हायड्रोजन वायू सुटू लागतो. लाखो बारीक बुडबुडे धरतात आणि आंबवलेलं पीठ वर यावं तसा सगळा गोळा साच्यात फुगून वर येतो. हायड्रोजन पुढे निघून जातो, त्याची जागा हवा घेते. अर्धवट घट्ट झालेला हा ठोकळा तारेने हव्या त्या मापात कापतात आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे एका अवाढव्य प्रेशर कुकरमध्ये, 180 अंश सेल्सियसच्या पुढे कित्येक तास वाफवतात. त्या उष्णतेत आणि दाबात चुना व वाळू यांच्यापासून टोबरमोराइट नावाचं स्फटिकी द्रव्य तयार होतं. या काँक्रीटला जी काही ताकद असते, ती त्याच्यामुळे.

एक घनमीटर साधं काँक्रीट सुमारे 2400 किलो भरतं. हे भरतं 600-700 किलो. स्वीडनमध्ये 1920च्या दशकात वास्तुविशारद योहान ॲक्सेल एरिक्सन यांनी ही कल्पना पुढे आणली, तेव्हा हलकेपणा आणि ऊब हेच तिचे गुण होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनला हे गुण फार मोलाचे वाटले. पोलादाची टंचाई, कामगारांची टंचाई, वर्गांत मात्र मुलांची गर्दी. त्यात 1947 मध्ये शाळा सोडण्याचं किमान वय 14 वरून 15 केलं गेलं. वर्ग झटपट उभे करायचे होते. कारखान्यातून तयार फळ्या आणायच्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकायच्या, वर डांबरी आवरण पसरायचं, की झालं सपाट छत तयार. छत हलकं म्हणून खालचे खांब आणि तुळयाही बारीक चालत. 1950च्या दशकापासून 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे काँक्रीट वापरात राहिलं. शाळा, रुग्णालयं, न्यायालयं, सगळीकडे.

छताची फळी दोन्ही टोकांवर टेकलेली असते आणि मध्ये तिच्यावर भार येतो. फळी वाकू पाहते. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. कुठलंही काँक्रीट दाब सोसतं, पण ताणाला कच्चं असतं, म्हणून खालच्या बाजूला सळया घालतात. नेहमीच्या आरसीसीमध्ये सळई आणि काँक्रीट एकमेकांना घट्ट धरून असतात. सळईवरचे उंचवटे खडीसिमेंटमध्ये अडकतात. शिवाय काँक्रीट इतकं अल्कधर्मी असतं की सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर धरतो आणि गंज रोखला जातो.

हवाभरल्या काँक्रीटमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. त्याची सळईवरची पकड ढिली असते आणि ते गंजापासूनही राखत नाही, कारण बारीक छिद्रांतून ओल आणि कार्बन डायऑक्साइड आत जाऊ शकतात. म्हणून सळयांना आधी डांबरी किंवा सिमेंट-लेटेक्सचा लेप द्यावा लागतो. लेपामुळे पकड आणखी कमी होते. मग सळई सरकू नये म्हणून फळीच्या टोकांजवळ तिच्यावर आडव्या सळया वेल्ड करतात. फळीचा सगळा जीव या टोकाच्या आडव्या सळयांत असतो. त्या भिंतीच्या किंवा तुळईच्या टेकणाच्या बरोबर वर आल्या पाहिजेत.

प्रत्यक्षात तसं प्रत्येक वेळी झालं नाही. कारखान्यातच काही फळ्यांत आडवी सळई टोकापासून आत राहिली. बांधकामावर कुणी फळी मापात बसवण्यासाठी टोकाला कापली आणि त्या तुकड्याबरोबर ती सळईही गेली. कुठे टेकणच अगदी अरुंद ठेवलं गेलं. आजच्या तपासणीत 75 मिलिमीटरपेक्षा कमी टेकण दिसलं की अभियंते ती फळी धोक्याची धरतात. 75 मिलिमीटर म्हणजे जेमतेम चार बोटं. मुलांच्या डोक्यावरचं छत एवढ्याशा आधारावर टेकलेलं असतं, हे वाचून मला हादरायला झालं. अशा टोकाजवळ तिरकी चीर पडते, तिला अडवायला आत पोलाद नसतं आणि फळी एका क्षणात खाली येते.

चांगलं बांधकाम साहित्य मोडण्याआधी तक्रार करतं. लाकूड करकरतं. आरसीसीचा स्लॅब पोपडे टाकतो, तांबूस डाग दाखवतो, कारण गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडून बाहेर काढते. पाहणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी बिनसलं आहे. हवाभरलं काँक्रीट इथे दगा देतं. आत सळई गंजून फुगली तरी त्या फुगवट्याला छिद्रांत जागा मिळते. पृष्ठभाग जसाच्या तसा राहतो. रंग दिलेलं छत नीटनेटकं दिसतं आणि आत पोलाद झिजत असतं.

त्यात सपाट छताचं दुखणं वेगळं. वर्षानुवर्षांच्या भाराने फळ्या हळूहळू खाली झुकतात. खोलगट झालेल्या जागी पावसाचं पाणी साचतं, पाण्याच्या वजनाने त्या आणखी झुकतात, मग आणखी पाणी साचतं. वरचं आवरण फाटलं की पाणी आत मुरतं. स्पंजासारखं भिजलेलं हे काँक्रीट जड होतं आणि त्याच वेळी कमजोरही.

जुलै 2018 मध्ये केंट परगण्यातल्या एका प्राथमिक शाळेचं असंच छत कोसळलं. ताण आल्याच्या खुणा दिसल्या त्या फक्त 24 तास आधी. छत पडलं तो शनिवार होता, शाळेत कुणी नव्हतं. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये शाळांच्या मालक संस्थांना इशारा गेला आणि मे 2019 मध्ये बांधकाम सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या 'स्कॉस' या अभियंत्यांच्या समितीने स्वतंत्र सूचना काढली: 1980 पूर्वीच्या या फळ्यांचं आयुष्य संपलं आहे असं धरा आणि त्या बदलण्याचा विचार करा.

पण ही माहिती 2018 मध्ये नव्याने सापडलेली नव्हती. ब्रिटनच्या बांधकाम संशोधन संस्थेने झुकलेल्या, तडकलेल्या फळ्यांबद्दल 1996 मध्ये आणि पुन्हा 2002 मध्ये लिहून ठेवलं होतं. त्याहून मागे गेलं तर 1973 सालच्या जूनमध्ये लंडनमधल्या कॅम्डन इथल्या मुलींच्या शाळेच्या सभागृहाचं छत पडलं आणि 1974 च्या फेब्रुवारीत स्टेपनीतल्या एका शाळेच्या जलतरण तलावाचं. तिथला दोषी पदार्थ वेगळा होता, हाय ॲल्युमिना सिमेंट. ते एका दिवसात घट्ट होई, म्हणून तयार तुळयांसाठी लाडकं. उबदार, दमट हवेत मात्र त्याचे स्फटिक आपलं रूप बदलतात, नवे स्फटिक कमी जागा व्यापतात आणि मध्ये पोकळ्या राहून ताकद घटते. तलावावरच्या छताला याहून वाईट हवा कुठली मिळणार? कॅम्डनमध्ये तर तुळयांचं टेकणही अरुंद होतं. दोन्ही पदार्थ झटपट बांधकामाच्या गरजेतून आले, दोन्ही शाळांच्या छतांत गेले आणि दोन्हींच्या बाबतीत टेकणाची चार बोटं निर्णायक ठरली. पन्नास वर्षं आधी लिहून ठेवलेला धडा शाळांच्या छतांपर्यंत पोहोचू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

मग 2023 च्या ऑगस्टमध्ये असं काय बदललं? तोवर पद्धत अशी होती की तपासणीत 'गंभीर' ठरलेल्या खोल्या बंद करायच्या आणि बाकीच्यांवर लक्ष ठेवायचं. त्या उन्हाळ्यात तीन ठिकाणी अशा फळ्या निकामी झाल्या, ज्या तपासणीत धोक्याच्या नाहीत असं मानलं गेलं होतं. म्हणजे पाहून खात्री करता येते, हे गृहीतच मोडलं. ज्याच्या स्थितीचा बाहेरून अंदाज येत नाही त्याच्याखाली मुलं बसवायची नाहीत, हा निष्कर्ष मग अटळ होता. शाळा सुरू होण्याच्या तोंडावर तो जाहीर झाल्याने पालकांची आणि मुख्याध्यापकांची जी धावपळ झाली, तिचा राग समजण्यासारखा आहे. तरी निर्णय बरोबर होता. चुकला असेल तर उशीर चुकला. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिलं होतं की इंग्लंडमधल्या सुमारे 24,000 शाळा-इमारतींनी, म्हणजे एकूण इमारतींपैकी 38 टक्क्यांनी, आपलं मूळ ठरवलेलं आयुष्य ओलांडलं आहे.

हे काँक्रीट शोधायचं कसं? जुने नकाशे बहुतेक ठिकाणी अपुरे. मग शिडी लावून खोट्या छताच्या वर डोकं घालायचं. सुमारे 600 मिलिमीटर रुंदीच्या फळ्या आणि त्यांच्या सांध्यांवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच दिसली की संशय घ्यायचा. कापलेल्या कडेवर खडी दिसत नाही, नुसते बुडबुडे दिसतात. स्क्रू ड्रायव्हर दाबला तर तो आत रुततो. ओळख इतकी सोपी आहे. अवघड आहे ते पुढचं, आतल्या सळया कुठे संपतात हे कळणं. त्यासाठी टोकं उघडी करून किंवा उपकरणं लावून एकेक फळी तपासावी लागते. फेब्रुवारी 2024 पर्यंत इंग्लंडमध्ये 234 शाळा-महाविद्यालयांत हे काँक्रीट असल्याचं नक्की झालं होतं.

भिंतींसाठी मिळणारे एएसी ब्लॉक याच कुळातले, म्हणून कुणी घाबरू नये. भिंतीतला ब्लॉक फक्त दाब सोसतो, त्यात सळई नसते, त्यामुळे गंज आणि पकड हे प्रश्नच येत नाहीत. छताच्या फळ्यांबद्दलही लफबरा विद्यापीठातल्या संशोधकांचं म्हणणं असं की नीट बनवलेली, पुरेशा टेकणावर बसलेली आणि कोरडी राखलेली फळी टिकू शकते. दगावतात त्या भिजलेल्या, कापलेल्या, अपुऱ्या टेकलेल्या. फक्त वर्गातून वर पाहून दोन्हींतला फरक कळत नाही.

तात्पुरता उपाय म्हणजे पोलादी टेकू, किंवा भिंतीलगत लोखंडी अँगल ठोकून टेकण रुंद करणं, किंवा फळ्यांखाली दुसरा सांगाडा उभा करून भार त्याच्यावर घेणं. किंग्ज लिन इथल्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात असे हजारो टेकू लागले आहेत आणि रुग्णांच्या खाटा त्यांच्यामध्ये मांडाव्या लागतात. कायमचा उपाय एकच, ते छत काढून टाकणं.

ते होईपर्यंत मुलं तात्पुरत्या केबिनमध्ये, तंबूत, दुसऱ्या शाळेच्या इमारतीत शिकली. सगळ्यात मोठं नुकसान झालं ते प्रयोगशाळा, कार्यशाळा आणि कलादालनं बंद पडलेल्यांचं. वर्ग दुसरीकडे हलवता येतो, पण गॅसचे बर्नर आणि धूर शोषणारी कपाटं तंबूत नेता येत नाहीत. 2024 च्या परीक्षांना बसलेल्या अशा मुलांना प्रकल्पाचं काम पुरं करायला जास्त दिवस मिळाले. प्रश्नपत्रिका मात्र सगळ्यांना सारखीच होती आणि बुडालेल्या शिकवणीसाठी गुण वाढवून द्यायला परीक्षा नियामकाने नकार दिला.