फांदी धरतं कोण?

ठाण्यातल्या नौपाड्यात आमच्या इमारतीच्या मागे एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. पावसाळ्याआधी, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हातात आल्यावर, छपरावर आलेल्या त्याच्या फांद्या उतरवायला पाच जणांची टोळी आली. वर एक, खाली दोर धरायला एक, फांद्या ओढायला दोघं आणि मुकादम. मी गॅलरीत चहा घेऊन उभा राहिलो, तो कार्यालयाची वेळ टळून गेली तरी तिथेच.

खाली दोर धरणारा मुलगा जेमतेम पन्नास किलोचा. वरून चेनसॉ थांबली, फांदी कडाडली, दोर ताठ झाला, आणि हा पठ्ठ्या वासराला पाण्यावर न्यावं तसा दोर सैल धरून उभा. फांदी तरंगत खाली आली. शेजारचे काका म्हणाले, "गावाकडचं दूध-तूप, दुसरं काय!"

मी खाली जाऊन त्या ओंडक्याला टेप लावली. व्यास ३० सेंटिमीटर, लांबी २ मीटर. ओल्या लाकडाची घनता पाण्याच्या जवळपास धरली तर साधारण १४० किलो, तेही पानं आणि डहाळ्या सोडून. एवढं वजन दूध-तुपावर पेलत नाही. मुलाला विचारलं तर तो हसला. "झाड धरतंय काका, मी नुसता सोडतोय."

अगदी खरं होतं. दोर फांदीपासून वरच्या बेचक्यातून खाली येत होता आणि त्याच्या हातात येण्याआधी बुंध्याला दोन वेढे घेत होता. चेंदणी कोळीवाड्यात होडी खुंटाला बांधताना ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. मला मात्र या दोन वेढ्यांचं गणित भयंकर आवडतं, तेव्हा थोडा धीर धरा.

घर्षण दाबाच्या प्रमाणात असतं, हे शाळेत शिकलोय. आता बुंध्याभोवतीच्या दोराचा एक लहानसा तुकडा डोळ्यांपुढे आणा, १० अंशांचा. दोर जितका ताणलेला, तितका तो तुकडा सालीवर दाबला जातो. जितका दाब, तितकं घर्षण. म्हणजे तो तुकडा ठरावीक किलो वजन घेत नाही, तर समोर आलेल्या ताणाचा ठरावीक हिस्सा घेतो. दोर आणि साल यांचा घर्षणांक, म्हणजे घर्षण भागिले दाब, समजा ०.३ असेल, तर दर १० अंशांना साधारण ५ टक्के. पुढच्या तुकड्यासमोर ९५ टक्के येतात, तो त्यातले ५ टक्के घेतो. चक्रवाढ व्याजच हे, फक्त उलटं चाललेलं. एका पूर्ण वेढ्यात असे ३६ तुकडे.

हिशेब अचूक केला तर एका वेढ्यानंतर ताण ६.६ पटींनी कमी होतो. दोन वेढ्यांनंतर ६.६ गुणिले ६.६, म्हणजे ४३ पटींनी. तिसऱ्यानंतर २८६ पटींनी. बेचक्यातलं घर्षण तूर्त बाजूला ठेवलं, तर आपली १४० किलोची फांदी एका वेढ्याला हाताशी २१ किलो वाटते, दोन वेढ्यांना सव्वातीन किलो, तीन वेढ्यांना अर्धा किलो. तिसरा वेढा घेतला तर मुलाला दोर उलट ढकलावा लागेल, फांदी खालीच येणार नाही.

सूत्र अठराव्या शतकातल्या लिओनार्ड ऑयलरचं. दोन ताणांचं गुणोत्तर म्हणजे 'ई' या संख्येचा (२.७१८) घात, आणि घातांक म्हणजे घर्षणांक गुणिले वेढ्याचा कोन, रेडियन या एककात (पूर्ण वेढा म्हणजे ६.२८ रेडियन). यात बुंध्याचा व्यास कुठेच नाही! जाड बुंध्यावर दर सेंटिमीटरला दाब कमी पडतो, पण सेंटिमीटर जास्त असतात. दोन्ही बरोब्बर फिटतं. मात्र घर्षणांक घातांकात बसलाय, ही त्यातली मेख. सालीवर बुळबुळीत शेवाळ आलं आणि ०.३ चा ०.२ झाला, तर दोन वेढ्यांचे ४३ पट उतरून १२ वर येतात. कालच्या सव्वातीन किलोंचे आज सव्वाअकरा. म्हणूनच पहिली सर पडून गेल्यावर मुकादम अर्धा वेढा वाढवतो. रेडियन त्याच्या गावीही नाहीत.

आता एक गंमत. आमच्या सोसायटीतल्या एका उत्साही तरुणाने मोबाईलवर परदेशी व्हिडिओ दाखवले: चकचकीत कप्प्या, रंगीत दोर. "हे लोक बेचक्यातून दोर का घेतात? कप्पी लावा!" कप्पी चांगलीच. दोर झिजत नाही, सालही सोलली जात नाही. पण कप्पीत घर्षण जवळपास नसतं. एका बाजूला १४० किलो लटकले की दुसऱ्या बाजूलाही १४० ची ओढ येते, आणि कप्पी टांगलेल्या फांदीवर २८०. खरखरीत बेचक्यावर अर्धा वेढा आपोआप पडतो, तिथे पलीकडची ओढ ५५ किलोंवर येते आणि बेचक्यावर भार साधारण १९५. म्हणजे महागडी कप्पी आणून कुजक्या फांदीला टांगली, तर आपण फांदीचं ओझं वाढवलं. हे झालं शांत लटकणाऱ्या ओंडक्याचं. तोच ओंडका १ मीटर मोकळा पडून पाव मीटरमध्ये थांबला, तर थांबवणारं बल सरासरी वजनाच्या पाचपट, ७०० किलोंचं. म्हणून दोर हळूहळू 'सोडायचा', गचकन धरायचा नाही.

पिंपळावर चढलेला माणूस फांदीसकट पडला की मुंजाने ओढला म्हणतात. मुंजाला बिचाऱ्याला कप्पी माहीत नसावी.

सोडण्यातून उष्णताही निघते. १४० किलो ५ मीटर उतरले की जवळपास ७ हजार ज्यूल ऊर्जा दोर आणि साल यांच्यात जिरते. तेवढ्यात घोटभर पाणी उकळेल. नुसतं ऐकायला फार नाही, पण ती दोराच्या पातळ पृष्ठभागावर काही सेकंदांत येते, आणि स्वस्तातला पॉलिप्रॉपिलीनचा दोर १६५ अंशांच्या आसपास वितळतो. चकाकणारा, कडक झालेला पट्टा दोरावर दिसला की तो दोर गेला.

बाकीची काळजी ओळखीची आहे, तरी पाळली जात नाही. हेल्मेट, कमरेचा पट्टा, चेनसॉसाठी वेगळी दोरी, जवळून तारा जात असतील तर आधी महावितरणकडून वीज बंद करून घेणं. आमच्याकडे वर चढलेल्या माणसाकडे पट्टा होता, हेल्मेट मुकादमाच्या स्कूटरला लटकलेलं होतं. मी विचारल्यावर ते वर गेलं, जरा नाराजीने.

दुपारी मी हट्टाने एक लहान फांदी उतरवायला मागितली. दोर हातात आला तसा मी सवयीने तळहाताला दोन पेच दिले, पकड घट्ट बसावी म्हणून. मुकादमाने काही न बोलता माझा हात धरून ते सोडवले. मग म्हणाला, "बुंध्याला जे होतं तेच हाताला होतं साहेब. फांदी निसटली तर तुम्हाला सोडता येणार नाही. पंजा झाडाला जाऊन चिकटेल."

सकाळभर ज्याचं कौतुक करत होतो तेच सूत्र, फक्त बुंध्याच्या जागी माझा तळहात. तिथेही व्यासाला काही अर्थ नव्हता.

मी दोर मोकळा धरला. तरी मुकादम वर खूण करेना. त्याने माझ्या पायाशी बोट दाखवलं. जमिनीवर उरलेल्या दोराचं वेटोळं पडलं होतं, आणि माझा उजवा पाय त्याच्या बरोबर मध्ये होता.