श्रेणी-रूपांतर, विद्यापीठीय

एका देशातील विद्यापीठाने दिलेले गुण किंवा श्रेणी दुसऱ्या देशाच्या मूल्यमापन-पद्धतीत मांडण्याची रीत. परदेशी प्रवेश, विद्यार्थी-विनिमय, संयुक्त पदवी आणि शिष्यवृत्ती यांसाठी तिची गरज पडते. पदवीची समकक्षता ठरवणे हे काम यापासून वेगळे आहे. समकक्षतेत पदवी कोणत्या पातळीची एवढेच पाहतात. रूपांतरात त्या पातळीवर विद्यार्थी कुठे उभा आहे हे सांगावे लागते. या दोहोंची सरमिसळ झाली की गैरसमज होतात.

गुणांकनाच्या उगमाविषयी एकमत नाही. अमेरिकेतील येल महाविद्यालयाचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ मध्ये परीक्षा दिलेल्या ५८ विद्यार्थ्यांची चार वर्गांत विभागणी केल्याची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे : २० सर्वोत्तम, १६ दुय्यम सर्वोत्तम, १२ सामान्य आणि १० निकृष्ट. अमेरिकी लेखक आरंभ बहुधा येथे मानतात. केंब्रिजच्या विल्यम फॅरिश यांनी १७९२ च्या सुमारास उत्तरांना अंकी गुण देण्यास सुरुवात केली, हे विधान अनेक ग्रंथांत आढळते. परंतु त्यास समकालीन पुरावा फारसा नाही, आणि केंब्रिजच्या परीक्षापद्धतीच्या अलीकडील अभ्यासकांनी ते ग्राह्य धरलेले नाही. शिवाय गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत उमेदवारांना गुणानुक्रम लावण्याची प्रथा फॅरिश यांच्या आधीपासून होती. याहून जुना आधार जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या १५९९ च्या अध्ययन-नियमावलीत मिळतो. तीत खालच्या वर्गांतील विद्यार्थ्यांची सर्वोत्तम, चांगले, मध्यम, संशयास्पद, त्याच वर्गात ठेवण्याजोगे आणि काढून टाकण्याजोगे अशी सहा भागांत नोंद करण्यास सांगितले असून, हे भाग १ ते ६ या अंकांनी दर्शवण्याची मुभा दिली आहे. मध्य युरोपात ‘१ म्हणजे सर्वोत्तम’ ही रीत येथूनच आली असावी, असे काही अभ्यासक मानतात. मधल्या काळातील दुवे पुरेसे स्पष्ट नसले, तरी फॅरिश-कथेपेक्षा हा तर्क अधिक सबळ वाटतो. अक्षरश्रेणींच्या संदर्भात माउंट होल्योक महाविद्यालयाच्या १८९७ मधील पद्धतीचा उल्लेख सहसा केला जातो.

आजच्या पद्धतींतील फरक केवळ कमाल अंकाचा नाही. उत्तीर्णतेची रेषा आणि वरच्या अंकांचा वापर किती सढळपणे होतो, यांतही तो आहे. जर्मनीत १.० सर्वोच्च आणि ४.० ही उत्तीर्णतेची सीमा. स्वित्झर्लंडमध्ये उलट ६ सर्वोच्च आणि ४ ही सीमा. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला उत्तीर्ण, पण १६ म्हणजे ‘अत्युत्तम’ आणि २० जवळजवळ कोणालाच मिळत नाहीत. इटलीत ३० पैकी १८ ला उत्तीर्ण, आणि ३० हा अंक मात्र चांगल्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातला. नेदरलँड्समध्ये १० च्या मापावर ५.५ ला उत्तीर्ण. ९ व १० दुर्मीळ. ब्रिटनमध्ये ७० टक्क्यांना प्रथम वर्ग मिळतो.

सूत्राने होणाऱ्या रूपांतरांत ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ सर्वाधिक परिचित आहे. जर्मन राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या स्थायी परिषदेने परदेशी प्रवेशपात्रता प्रमाणपत्रांचा एकूण दर्जा ठरवण्यासाठी १९९१ च्या ठरावान्वये ते स्वीकारले. पुढे त्यात सुधारणा झाल्या, आणि विद्यापीठीय गुणपत्रकांनाही ते लावले जाऊ लागले. सूत्र असे :

जर्मन श्रेणी = १ + ३ × (कमाल गुण − प्राप्त गुण) ÷ (कमाल गुण − उत्तीर्णतेचे किमान गुण)

कमाल गुण मिळवणाऱ्यास १.० आणि काठावर उत्तीर्ण होणाऱ्यास ४.० मिळेल अशी त्याची रचना आहे. मधला सर्व भाग सरळ रेषेत वाटला जातो. सारा भार किमान गुणांवर पडतो, हे सूत्र वापरणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. १०० पैकी ७० गुणांचे उदाहरण घ्यावे. उत्तीर्णता ४० ला असेल तर उत्तर २.५ येते, ५० ला असेल तर २.८, आणि ३५ ला असेल तर सुमारे २.४. गुण तेच, उत्तरपत्रिका तीच. केवळ विद्यापीठाच्या नियमपुस्तिकेतील एका आकड्याने निकाल हलतो. म्हणून ज्या विद्यापीठात विषयवार उत्तीर्णता वेगळी आणि एकूण सरासरीची अट वेगळी असते, तेथे कोणता आकडा धरायचा याचे लेखी स्पष्टीकरण गुणपत्रकासोबत असणे अत्यावश्यक आहे.

सरळ रेषेचे गृहीतकही तपासावे लागते. ब्रिटनमधील प्रथम वर्गाचे ७० गुण (उत्तीर्णता ४० ला धरून) सूत्राने २.५ ठरतात, म्हणजे जर्मनीतील मध्यम-चांगला निकाल. फ्रान्समधील १६ गुणांचे २.२ होतात, नेदरलँड्समधील ८ चे सुमारे २.३. उलट इटलीतील २७ गुणांचे १.७५ होतात. ज्या देशात वरचे अंक हात राखून दिले जातात तेथील विद्यार्थ्याला सूत्र खाली ढकलते, आणि जेथे ते सढळ हाताने मिळतात तेथील विद्यार्थ्याला वर नेते. नुसते त्रैराशिक मांडणे तर याहून सदोष. ७० टक्क्यांना चार बिंदूंच्या अमेरिकी मापावर २.८ म्हणणे गणिताने बिनचूक असले, तरी ब्रिटनमधील ७० हे अमेरिकेत सर्वसाधारणपणे ‘ए’ श्रेणीतच धरले जातात. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या (स्थापना १९७४) मूल्यांकन संस्था म्हणूनच सूत्र न वापरता देशवार कोष्टके वापरतात.

भारतीय गुणपत्रकांत आणखी एक थर मिसळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये निवडाधारित श्रेयांक पद्धतीसोबत दहा बिंदूंचे माप सुचवले : ‘ओ’ म्हणजे १०, आणि ‘पी’ म्हणजे ४ ला उत्तीर्ण. बिंदूंची शेकडेवारी कशी करायची याची रीत मात्र एक नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या रीतीने सरासरीतून ०.७५ वजा करून १० ने गुणतात. कोठे थेट १० ने गुणतात. केंद्रीय माध्यमिक मंडळाचा ९.५ चा गुणक मुळात दहावीसाठी असूनही विद्यापीठीय सरासरीला लावलेला दिसतो. ८.० सरासरीचे अनुक्रमे ७२.५, ८० आणि ७६ टक्के होतात, आणि ४० ही उत्तीर्णता धरून बव्हेरियन सूत्रात घातले तर सुमारे २.४, २.० आणि २.२. एकाच विद्यार्थिनीचे हे तीन निकाल प्रवेशाच्या सीमारेषेच्या दोन बाजूंना पडू शकतात. शेकडेवारीचा वळसा टाळून १० व ४ हेच आकडे थेट सूत्रात घालणे अधिक योग्य, त्याने २.० येते आणि एक रूपांतर वाचते.

दुसरी विचारधारा सूत्राऐवजी वितरणाचा आधार घेते : विद्यार्थी आपल्या गटात कितव्या शतमानावर आहे, म्हणजे शेकडा किती जण त्याच्या मागे आहेत, ते पाहून यजमान विद्यापीठातील त्याच शतमानावरची श्रेणी द्यायची. १९८९ मध्ये इरास्मस या युरोपीय विद्यार्थी-विनिमय कार्यक्रमात प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या युरोपीय श्रेयांक पद्धतीत पुढे उत्तीर्ण विद्यार्थ्यांचे १०, २५, ३०, २५ व १० टक्के असे पाच गट करून त्यांना ‘ए’ ते ‘ई’ अक्षरे देण्यात आली. कल्पना चांगली होती, पण बहुतेक संस्थांकडे आवश्यक आकडेवारी नव्हती आणि लहान वर्गांत टक्केवारीचे गट पाडणे अशक्य होते. २००९ च्या मार्गदर्शिकेत ही अक्षरे सोडून दिली गेली. त्यांच्या जागी प्रत्येक संस्थेने आपल्या श्रेणींचे प्रत्यक्ष वितरण कोष्टकात द्यावे असे ठरले. २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार त्यासाठी किमान मागील दोन वर्षांच्या श्रेणी मोजाव्या लागतात. दोन कोष्टके शेजारी ठेवली की एका श्रेणीचा पट्टा दुसरीकडील दोन-तीन श्रेणींवर पसरलेला दिसतो. अशा वेळी त्यांतील किमान, सरासरी की कमाल श्रेणी द्यायची हे यजमान संस्थेने आधीच जाहीर करावे, अशी अपेक्षा आहे. दोन्ही गट सारख्याच गुणवत्तेचे आहेत हे या रीतीचे गृहीतक कठोर निवडीच्या संस्थांतील विद्यार्थ्यांवर अन्याय करू शकते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही प्रत्यक्षात श्रेणी कशा दिल्या जातात याची दखल घेणारी हीच रीत असल्याने, आकडेवारी उपलब्ध असेल तेथे तिला प्राधान्य देणे उचित ठरते.

रूपांतर सुकर व्हावे म्हणून राष्ट्रीय मापच बदलण्याचे ठळक उदाहरण डेन्मार्कचे. तेथे १९६३ पासून १३ पर्यंतचे माप होते आणि १३ हा अंक केवळ असामान्य कामगिरीसाठी राखीव असे. परदेशी कार्यालयांना तो समजत नसे आणि ११ मिळवणारा उत्तम विद्यार्थी अकारण मागे पडे. २००७ पासून विद्यापीठांत −३, ००, ०२, ४, ७, १० व १२ असे सात पायऱ्यांचे माप आले. त्यातील उत्तीर्णतेच्या पाच पायऱ्या युरोपीय ‘ए’ ते ‘ई’ अक्षरांशी जुळवल्या होत्या. ती अक्षरे दोनच वर्षांत मागे पडली; डॅनिश माप राहिले.

आंतरराष्ट्रीय करारांत या विषयाला थोडेच स्थान आहे. १९९७ चा लिस्बन मान्यता करार आणि युनेस्कोचा २०१९ चा जागतिक करार (अंमल २०२३ पासून) पदव्यांच्या मान्यतेविषयी आहेत. श्रेणी कशी बदलावी हे ते सांगत नाहीत. पदवीसोबत दिल्या जाणाऱ्या युरोपीय पदवी-पुरवणी या माहितीपत्रकाच्या ४.४ या कलमात मात्र मूल्यमापन-पद्धती आणि उपलब्ध असल्यास श्रेणी-वितरणाचे कोष्टक देण्याची तरतूद आहे.